ब्रिटनमध्ये पहिलं पुस्तक: सहीच्या अलीकडे आणि पलीकडे

माझं पुस्तक इथल्या प्रकाशकाने काढलं हे कळल्यापासून मँचेस्टरच्या मराठी मंडळींचा एक प्रश्न ठरलेला आहे: "काढायला किती खर्च आला गं?" प्रश्नात वावगं काही नाही. आपल्याकडे पहिल्या पुस्तकाला पदरचे पैसे घालणं किंवा शे-दोनशे प्रती स्वतःच उचलणं सर्रास चालतं. इथे रीतसर प्रकाशक पुस्तक घेतो तेव्हा लेखकाच्या खिशातून पेनीसुद्धा जात नाही. पैसे प्रकाशकाकडून लेखकाकडे येतात. कुणी उलट मागितले, मग त्याला 'पार्टनरशिप' म्हणोत की 'हायब्रिड', तर नमस्कार करून निघायचं. सोसायटी ऑफ ऑथर्स आणि रायटर्स गिल्ड या लेखकांच्या संघटनांनी 2022 साली अशा पैसे घेऊन छापणाऱ्यांवर अहवाल काढला. त्यात माहिती देणाऱ्या बहुतेक लेखकांचे पैसे बुडाले होते. ज्यांना स्वतःच छापायचं आहे त्यांनी खुशाल ॲमेझॉनवर छापावं. तो वेगळा मार्ग आहे आणि निदान सरळ आहे.

दुसरी गोष्ट, इथले मोठे प्रकाशक लेखकाने थेट पाठवलेलं हस्तलिखित सहसा बघतच नाहीत. मध्ये एजंट लागतो, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकांकडे पुस्तक नेणारा आणि करार ठरवणारा माणूस. काही छोटे प्रकाशक वर्षातून ठरावीक काळ दार उघडं ठेवतात, तेही सोडू नका. एजंटांची यादी ब्लूम्सबरी या प्रकाशकाच्या 'रायटर्स अँड आर्टिस्ट्स इयरबुक'मध्ये असते. ते दरवर्षी निघतं आणि बहुतेक लायब्रऱ्यांत ठेवलेलं असतं. पण खरी यादी दुकानात उभ्या उभ्या मिळते. आपल्या विषयाजवळची नवी पुस्तकं उचला आणि आभाराचं पान वाचा. लेखकाने तिथे एजंटचे आभार हमखास मानलेले असतात. माझी यादी अशीच झाली, वॉटरस्टोन्समध्ये, पुस्तकं विकत न घेता.

कादंबरी असेल तर ती पूर्ण लिहून झालेली हवी. पाठवायचं मात्र थोडंच: एक पानाचं पत्र, सारांश आणि सुरुवातीची तीनेक प्रकरणं. माझं पुस्तक ललितेतर, लालबाग-परळच्या गिरण्यांवरचं. तिथे 'प्रपोजल' चालतं: पुस्तक कशाबद्दल, कुणासाठी, आत्ताच का, मीच का, प्रकरणांचा आराखडा आणि नमुन्याचं एखादं प्रकरण. गेल्या काही वर्षांत आलेली जवळपासची पुस्तकंही सांगावी लागतात. 'या विषयावर आजवर काहीच लिहिलं गेलेलं नाही' असं लिहिलंत की एजंट त्याचा अर्थ 'म्हणजे गिऱ्हाईक नाही' असा घेतो. पत्रात 'लहानपणापासून वाचनाची आवड' नको, नम्रताही नको. दिवाळी अंकांच्या बाबतीत एकच कथा दोघांना पाठवणं पाप. इथे एका वेळी अनेक एजंटांना पाठवणं रीतीला धरूनच आहे. फक्त एकाने होकार दिला की बाकीच्यांना लगेच कळवायचं. अनेक जण नकारही कळवत नाहीत. काही आठवडे गेले की गप्प बसणं म्हणजेच नकार.

मला आलेल्या नकारांत एकच सूर होता: इंग्रज वाचक यात शिरणार कुठून? आधी चीड आली. आपण त्यांची पुस्तकं वाचताना कधी दार मागितलं होतं? पण माझ्या विषयात ते दार आयतंच होतं. मुंबईच्या गिरण्यांतली कितीतरी यंत्रं ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीची, आणि ओल्डहॅम माझ्या घरापासून ट्रामने जाण्यासारखं. 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवीत अमेरिकेचा कापूस यायचा थांबला, इथल्या लँकेशरचे गिरणी कामगार उपाशी राहिले आणि तेवढ्याच काळात मुंबईचे कापूसवाले गबर झाले. ही गोष्ट पहिल्या प्रकरणात आणली. असा दुवा खरोखर असेल तरच आणा. नसेल तर ओढूनताणून एखादा इंग्रज मिशनरी आणू नका, वाचकाला ते लगेच कळतं.

होकार आला की आपल्या माणसाला आनंदाने काही सुचत नाही आणि तो सही करून मोकळा होतो. पैशांबद्दल विचारणं आपल्याला हलकं वाटतं. खरं काम इथे सुरू होतं. एजंट नसेल तर सोसायटी ऑफ ऑथर्सचं सभासदत्व घ्या. कराराचा प्रस्ताव हातात असेल तर नवख्यालाही घेतात, आणि सभासदाचा करार तिथले जाणकार कलम अन् कलम वाचून देतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

मराठी लेखकाने सगळ्यात आधी 'टेरिटरी'चं, म्हणजे पुस्तक कुठल्या देशांत विकण्याचा हक्क देतोय याचं, कलम उघडून बघावं. ब्रिटिश प्रकाशकाला 'यूके आणि कॉमनवेल्थ' हवं असतं आणि त्यात भारत गुपचूप येऊन बसतो. भारताचे हक्क त्यांच्याकडे गेले की पुस्तक निर्यातीच्या आवृत्तीत तिकडे जातं, त्यावरची रॉयल्टी कमी, आणि किंमत अशी की परळचा माणूस हातात घेऊन परत ठेवेल. भारतीय उपखंड वेगळा काढता आला तर भारतातल्या प्रकाशकाशी स्वतंत्र व्यवहार होतो, भारतीय किमतीत. भाषांतराचे हक्क, निदान मराठीचे, स्वतःकडे ठेवा. इथल्या प्रकाशकाला मराठीतून काही मिळण्याची आशा नसते, त्यामुळे मागितलं तर फारसं न भांडता सोडतात. मागावं मात्र लागतं. हक्क परत मिळण्याचं कलमही बघा: ई-बुक कुठेतरी पडून आहे म्हणून पुस्तक 'उपलब्ध' मानायचं, अशी भाषा असेल तर हक्क कधीच परत येत नाहीत. किती प्रतींखाली विक्री गेली की हक्क परत, तो आकडा लिहून घ्या.

आता पैसे. समजा ॲडव्हान्स, म्हणजे रॉयल्टीपोटी मिळणारी आगाऊ रक्कम, 5,000 पौंड ठरला. तो एकरकमी येत नाही. बहुधा चार हप्ते: सही, हस्तलिखित स्वीकारणं, पहिली आवृत्ती, पेपरबॅक. सहीचे 1,250. त्यातून एजंटचे 15 टक्के, म्हणजे 187.50, आणि एजंट व्हॅट लावत असेल तर त्यावर आणखी 37.50. हातात 1,025. उरलेले हप्ते पुढच्या दीड-दोन वर्षांत. हा ॲडव्हान्स रॉयल्टीतूनच वळता होतो. 9.99 पौंडांच्या पेपरबॅकवर साडेसात टक्के धरले तर प्रतीमागे 75 पेन्स; म्हणजे नुसत्या पेपरबॅकवर साडेसहा हजारांहून जास्त प्रती खपल्यावर पुढचा पैसा सुरू. दुकानदार न खपलेल्या प्रती परत पाठवू शकतात, म्हणून प्रकाशक हिशेबातून काही रक्कम राखूनही ठेवतो. नोकरी सोडायचा विचार असेल तर हा परिच्छेद पुन्हा वाचा.

संपादन कसं चालतं यावर बरंच लिहिता येईल, पण मला विशेष वाटली ती वकिलाची तपासणी. गिरण्या म्हटलं की 1982 चा संप आला, युनियन आल्या, मालक आले, गुंडही आले. प्रकाशकाच्या वकिलाने पुस्तकातल्या नावांचा तक्ता पाठवला: नाव, पान, त्या माणसाबद्दल केलेलं विधान, पुरावा, आणि शेवटचा रकाना 'हयात?'. इंग्लंडच्या कायद्यात मेलेल्या माणसाची बदनामी होत नाही, त्यामुळे सगळा जोर त्या रकान्यावर. मी लालबागला मामांना फोन लावला आणि एकेक नाव वाचत गेले. "हा? हा कधीच गेला. मीच होतो ना स्मशानात." पुढचं नाव. "हा आहे. परवाच दिसला, भाजी घेत होता. त्याच्याबद्दल काय लिहिलंयस तू?" जे हयात निघाले त्यांच्याबद्दलची वाक्यं कागदपत्रांवर टिकतील एवढीच ठेवली, बाकीची गेली. ही तपासणी त्रासाची वाटते, पण करारात लेखक हमी देत असतो की पुस्तकात बदनामीकारक काही नाही. तेव्हा ती आपल्याच फायद्याची.

तसंच दुसऱ्याच्या कवितेच्या ओळींचं. गिरणगावच्या एका कवीच्या चार ओळी मला हव्या होत्या. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो, ब्रिटनमध्ये स्वतःच्या लेखकांना 70. परवानगी लेखकानेच काढायची आणि पैसेही बहुधा त्यानेच द्यायचे. पत्रव्यवहार लवकर सुरू करा. वारस चार असतात आणि चौघांचं मत वेगळं असतं.

व्हिसा या सगळ्याच्या आधी तपासा. पुस्तकाची कमाई स्वयंरोजगारात मोडू शकते, आणि स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगाराला मनाई आहे. ग्रॅज्युएट व्हिसावर चालतो. बाकीच्यांनी करारावर सही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारावं, फेसबुक ग्रुपला नव्हे. करवर्ष 6 एप्रिलला सुरू होतं. वर्षाला 1,000 पौंडांपर्यंतची अशी मिळकत (खर्च वजा करण्याआधीची) करमुक्त, त्यावर गेलात की सेल्फ असेसमेंट, म्हणजे कराचं विवरणपत्र स्वतः भरायचं. ऑनलाइन विवरणपत्र 31 जानेवारीपर्यंत.

पुस्तक बाजारात आलं, बहुधा गुरुवारी, की दोन नोंदण्या लगेच करून टाका. पहिली पब्लिक लेंडिंग राइटची: 1979 च्या कायद्याने लायब्ररीतून पुस्तक नेलं गेलं की लेखकाला काही पेन्स मिळतात, वर्षाला जास्तीत जास्त 6,600 पौंड. नोंदणी ब्रिटिश लायब्ररीकडे, फुकट. दुसरी एएलसीएसची (ऑथर्स लायसन्सिंग अँड कलेक्टिंग सोसायटी), जी झेरॉक्स आणि तत्सम वापराचे पैसे गोळा करून लेखकांना वाटते. तिचं आजीव शुल्क 36 पौंड आहे, पण ते आधी भरावं लागत नाही, तुमच्या पहिल्या पैशांतूनच कापून घेतात. ही दोन्ही कामं प्रकाशक करत नाही, आपणच करायची.