बॉक्सर उतरणीला लागला हे कसं ओळखावं, आणि त्याने थांबावं का हे कशावरून ठरवावं

नावाजलेला बॉक्सर पस्तिशीनंतर हरला की चाहत्यांत लगेच दोन तट पडतात. एकाच्या मते तो संपला, दुसऱ्याच्या मते ती रात्रच वाईट होती. वाद मिटत नाही, कारण तीन वेगळे प्रश्न एकत्र कालवलेले असतात. त्याचा भराचा काळ सरला का? तो अजून जिंकू शकतो का? आणि पुढे लढणं त्याच्या मेंदूला परवडणारं आहे का? आधी हे तीन प्रश्न कागदावर वेगळे लिहा. त्यांची उत्तरं एकमेकांना बांधलेली नसतात.

मेल्ड्रिक टेलरचं उदाहरण घ्या. 17 मार्च 1990 ला हुलिओ सेझर चावेझविरुद्ध तो तीनपैकी दोन पंचांच्या गुणांच्या कार्डांवर पुढे होता. बाराव्या राउंडचे दोन सेकंद उरलेले असताना रेफरीने लढत थांबवली. टेलर तेव्हा अवघा 23 वर्षांचा होता. पण त्या रात्री त्याने इतका मार खाल्ला की नंतर तो पूर्वीचा टेलर राहिला नाही. तरीही 1991 मध्ये त्याने वरच्या वजनगटात विश्वविजेतेपद मिळवलं, पुढे बरीच वर्षं लढत राहिला, आणि त्याचं बोलणं अडखळू लागलेलं लोकांनी पाहिलं. भर ओसरलेला होता, जिंकतही होता, आणि थांबायलाही हवं होतं. वय यात कुठेच नाही.

वयाआधी रेकॉर्ड वाचा

बॉक्सरेक या लढतींच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर त्या बॉक्सरचं पान उघडा आणि जन्मतारीख सोडून बाकी सगळं पाहा. प्रत्येक लढतीपुढे चार गोष्टी टिपा: किती राउंड झाले, दोन लढतींत किती महिन्यांचं अंतर होतं, वजन किती होतं, आणि प्रतिस्पर्ध्याचा त्या दिवशीचा रेकॉर्ड काय होता. प्रतिस्पर्ध्याचा आजचा रेकॉर्ड पाहणं ही नेहमीची चूक. आज वीस पराभव असलेला माणूस तेव्हा अपराजित असू शकतो.

एकूण राउंड हा वयापेक्षा बरा मापदंड आहे, पण तोही अर्धाच. स्पारिंगमधले (जिममधल्या सराव-लढतींतले) राउंड कुठेच नोंदले जात नाहीत आणि ते लढतींतल्या राउंडांच्या कित्येक पट असतात. म्हणून त्याचं जिम कसं आहे हे मुलाखतींतून, प्रशिक्षकाच्या बोलण्यातून काढा. रोज युद्धासारखं स्पारिंग करणारा तिशीचा बॉक्सर जपून सराव करणाऱ्या चाळिशीच्या माणसापेक्षा जास्त झिजलेला असू शकतो.

वर्षाहून मोठा खंड दिसला तर तिथे खूण करा. खंडामुळे आलेला गंज आणि वयामुळे आलेली झीज पहिल्या लढतीत सारखीच दिसतात. लॅरी होम्स एप्रिल 1986 नंतर थेट जानेवारी 1988 मध्ये माइक टायसनसमोर उभा राहिला आणि चौथ्या राउंडमध्ये पडला. वय 38. तो कायमचा संपला असंच बहुतेकांना वाटलं. फेब्रुवारी 1992 मध्ये याच होम्सने 42 व्या वर्षी, तेव्हा अपराजित असलेल्या रे मर्सरला गुणांवर हरवलं. 1988 च्या निकालात वयाचा वाटा होताच, पण पावणेदोन वर्षांचा खंड आणि समोरचा ऐन भरातला टायसन यांचा वाटा वेगळा काढल्याशिवाय हिशेब जुळत नाही. अशा लढतीवरून निकाल देऊ नका, तिच्या पुढच्या दोन लढती पाहा.

वजनाचा रकाना सगळ्यात दुर्लक्षित राहतो आणि खरं तर तोच सगळ्यात बोलका. मार्च 2003 मध्ये रॉय जोन्स ज्युनियरने 193 पौंडांवर जॉन रुइझला हरवून हेवीवेट, म्हणजे सगळ्यात जड गटाचा, किताब घेतला. नोव्हेंबरमध्ये तो परत 175 पौंडांवर उतरून अँटोनियो टार्वरशी लढला. कसाबसा जिंकला, आणि मे 2004 च्या दुसऱ्या लढतीत दुसऱ्याच राउंडमध्ये नॉकआउट झाला. ऑस्कर डे ला होया डिसेंबर 2008 मध्ये मॅनी पॅकियाओसाठी बऱ्याच वर्षांनी 147 पौंडांच्या मर्यादेत आला, काट्यावर 145 भरला, आणि आठव्या राउंडनंतर स्टुलावरून उठलाच नाही. तिशी उलटलेल्या शरीरातून वाढवलेले स्नायू आणि पाणी काढून घेतलं की पाय आणि मार सोसण्याची ताकद दोन्ही जातात. रेकॉर्डमध्ये वजन वर जाऊन पुन्हा खाली आलेलं दिसलं, तर त्या लढतीतल्या पडझडीचा दोष एकट्या वयाला देऊ नका.

वजनगटानुसार अपेक्षाही बदला. हेवीवेटचा मुख्य ऐवज ताकद, आणि ती सगळ्यात शेवटी जाते. जॉर्ज फोरमनने 5 नोव्हेंबर 1994 ला 45 व्या वर्षी मायकल मूररला दहाव्या राउंडमध्ये आडवा केला, तोही तिन्ही कार्डांवर मागे असताना. हलक्या गटांतला खेळ वेगावर आणि ठोशांच्या संख्येवर चालतो, त्यामुळे तिथे उतरण बरीच आधी सुरू होते. 2019 मध्ये 40 व्या वर्षी कीथ थर्मनला हरवणारा पॅकियाओ हा अपवाद आहे. त्याला नियम मानून इतरांना मोजू नका.

तीन लढती, आवाज बंद

आता व्हिडिओ. हायलाइट्स बाजूला ठेवा. त्यांत बॉक्सर ठोसे मारताना दिसतो, आणि झीज दिसते ती दोन ठोशांच्या मधल्या वेळात. पूर्ण लढती घ्या: एक भरातली, एक मधली, एक अलीकडची. तिन्ही प्रतिस्पर्धी शक्यतो एकाच धाटणीचे निवडा. डावखुऱ्याविरुद्धची एक लढत आणि सतत अंगावर येणाऱ्याविरुद्धची दुसरी यांची तुलना काही सांगत नाही. 2008 मध्ये बर्नार्ड हॉपकिन्स एप्रिलमध्ये जो काल्झागीकडून हरला आणि म्हातारा ठरला. ऑक्टोबरमध्ये 43 वर्षांच्या त्याच हॉपकिन्सने अपराजित असलेल्या केली पावलिकला बारा राउंड नाचवलं. सहा महिन्यांत तो तरुण झाला नव्हता. काल्झागी सतत, अडनिड्या कोनांतून हात चालवायचा, पावलिक सरळ येऊन सरळ मारायचा.

समालोचन बंद करा, कारण समालोचक आधीच ठरवून आलेले असतात आणि त्यांचं वाक्य एकदा कानात शिरलं की डोळे तेच शोधतात. प्रत्येक लढतीचे तिसरा, सहावा आणि नववा असे तीन राउंड पुरतात. पहिला राउंड चाचपणीचा असतो आणि शेवटच्यात सगळेच उसनं बळ आणतात. प्रत्येक राउंड दोनदा पाहा.

पहिल्यांदा फक्त पाय. ठोसा मारून झाल्यावर मागचा पाय पुन्हा जागेवर येतो का, की दोन्ही पावलं एका रेषेत येऊन छाती समोर उघडी राहते? कोन बदलायला तो बाजूला पाऊल टाकतो, की सरळ मागे जाऊन दोरांना टेकतो? गुडघे वाकलेले आहेत की ताठ? पाय गेल्याची खात्रीची खूण म्हणजे दोरांवर घालवलेला वेळ. घड्याळ लावून सेकंद मोजा. भरातल्या लढतीत राउंडमागे दहा-पंधरा सेकंद आणि आता पाऊण मिनिट असेल, तर दुसरा पुरावा शोधायची फारशी गरज नाही. अर्थात तो मुद्दाम दोरांवर जाऊन लढणारा नसेल तर.

दुसऱ्यांदा हात. तीन किंवा जास्त ठोशांच्या साखळ्या मोजा. चार-चारच्या साखळ्या मारणारा आता एक-दोन मारून मिठी घालतो का? जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा) मारल्यावर हात गालापाशी परततो की छातीच्या उंचीवर रेंगाळतो? पोटावरचे ठोसे कमी झालेत का? खाली वाकून मारण्यात धोका असतो, म्हणून रिफ्लेक्सवरचा विश्वास उडाला की बॉक्सर आधी तेच सोडतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं: समोर फट दिसते, खांदा हलतो, पण हात सुटत नाही. ही अर्ध्या क्षणाची अडखळ मोजायला कठीण आहे, पण दोन लढती लागोपाठ पाहिल्या की चुकत नाही.

ठोशांचे आकडे जपून वापरा. कॉम्प्युबॉक्स या ठोसे मोजणाऱ्या यंत्रणेत प्रत्येक बॉक्सरमागे एक माणूस बसून बटणं दाबत असतो. जॅब सोडून बाकी सगळे ठोसे तिथे ‘पॉवर पंच’मध्ये जातात, मग तो हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) गालाला चाटून का गेलेला असेना. अचूकतेच्या टक्केवारीपेक्षा राउंडमागे किती ठोसे टाकले हा आकडा उतरणीबद्दल जास्त सांगतो. तोही बॉक्सरच्या स्वतःच्याच जुन्या आकड्यांशी ताडून पाहा.

काय आधी जातं

बहुधा क्रम असा: आधी रिफ्लेक्स, मग पाय, मग मार सोसण्याची ताकद, शेवटी ठोशातला जोर. म्हणून ज्याचा बचाव रिफ्लेक्सवर उभा आहे, तो पायरी पायरीने उतरत नाही, कड्यावरून पडतो. हात खाली ठेवून फक्त मान मागे घेऊन ठोसे चुकवणारा जोन्स वर्षभरात ‘जगातला सर्वोत्तम’वरून ‘ओळखू येत नाही’वर आला. याउलट हॉपकिन्सचा बचाव अंतर राखणं, गार्ड (चेहऱ्यासमोर धरलेले हात), क्लिंच (मिठी घालून अडवणं) आणि समोरच्याची लय मोडणं यांवर होता. 2014 मध्ये 49 व्या वर्षीही तो किताबाची लढत जिंकला. बॉक्सर कोणत्या प्रकारचा आहे हे आधी ठरवलं की पुढची दोन वर्षं कशी जातील याचा अंदाज बराच जवळ येतो.

मुहम्मद अलीवर हा क्रम नीट दिसतो. क्लीव्हलंड विल्यम्स (1966), जॉर्ज फोरमन (1974) आणि अर्नी शेव्हर्स (1977) या तीन लढती ओळीने पाहा. पहिलीत त्याला हात लावणं मुश्किल. दुसरीत पाय बरेच गेलेत, तो दोरांना टेकून मार खातो आणि तरी जिंकतो. तिसरीत तो फक्त सोसण्याच्या ताकदीवर पंधरा राउंड उभा आहे. त्यानंतर डॉक्टर फर्डी पाचेको त्याच्या ताफ्यातून बाहेर पडला. अलीची सर्वात गाजलेली लढत, फोरमनविरुद्धची, भर ओसरल्यानंतरची आहे, हे अनेक चाहत्यांना आजही पटत नाही.

शरीरयष्टीवर जाऊ नका. ऑक्टोबर 1980 मध्ये होम्ससमोर उतरलेला 38 वर्षांचा अली कित्येक वर्षांत नव्हता इतका सडपातळ दिसत होता. त्यातलं बरंचसं थायरॉइडच्या गोळ्यांनी उतरवलेलं वजन होतं. रिंगमध्ये त्याला घामही धड येईना, आणि दहा राउंडनंतर त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडीने लढत थांबवली. पोटावरचे स्नायू रिफ्लेक्सबद्दल काहीच सांगत नाहीत.

थांबायला हवं का

इथे कसोट्या वेगळ्या. हरणं हा निवृत्तीचा पुरावा नाही, ठोसे कसे बसतात हा आहे. पूर्वी झटकून टाकायचा तसल्या साध्या ठोशांनी आता पाय लटपटतात का? पडण्याआधी ठोसा दिसत होता का? न दिसलेला ठोसा तरुणालाही पाडतो, म्हणून पडला या एका गोष्टीवर अडून राहू नका. दिसलेल्या, अर्ध्या ताकदीच्या ठोशाने तोल गेला तर ती गंभीर खूण. राउंड संपल्यावर तो सरळ आपल्या कोपऱ्याकडे जातो का, हेही पाहा.

नॉकआउटनंतर किती दिवसांत परतला ते तपासा. जोन्स मे 2004 मध्ये पडला आणि चारच महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, ग्लेन जॉन्सनने त्याला नवव्या राउंडमध्ये बेशुद्ध केलं. लढतीत चार महिन्यांचं अंतर म्हणजे स्पारिंग त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं, आणि मेंदूला स्पारिंगचा ठोसा वेगळा कळत नाही.

परवान्याचा प्रवास पाहा. नोव्हेंबर 2004 मध्ये लॅरी डोनाल्डकडून इव्हँडर होलीफील्ड हरला, तो त्याचा सलग तिसरा पराभव होता. 2005 मध्ये न्यूयॉर्कच्या बॉक्सिंग परवाने देणाऱ्या आयोगाने त्याला लढण्यास मनाई केली. 2006 मध्ये तो टेक्सासमध्ये लढला. एका ठिकाणी नकार आणि दुसऱ्या ठिकाणी होकार असं दिसलं की नकार देणाऱ्यांचं कारण आधी वाचा. स्कॅन स्वच्छ आला म्हणजे सगळं ठीक, हेही खरं नाही. ताजा रक्तस्राव किंवा उघड इजा स्कॅनमध्ये सापडते. वर्षानुवर्षांच्या माराने होणारी सूक्ष्म झीज नेहमीच्या स्कॅनमध्ये बराच काळ दिसत नाही, आणि सीटीईचं (डोक्याला वारंवार मार बसून होणाऱ्या मेंदूच्या आजाराचं) पक्कं निदान आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं.

बोलण्याची तुलना करायची तर सात-आठ वर्षांपूर्वीची आणि आताची मुलाखत घ्या. भाषा तीच हवी, वेळ दिवसाची, आणि लढतीपासून दूरची. लढतीनंतरच्या मुलाखतीत सुजलेल्या ओठांनी आणि थकव्याने कुणाचंही बोलणं जड होतं. वजन उतरवताना कोरड्या तोंडानेही तसंच होतं. शब्दांची शेवटची अक्षरं गिळली जातात का, वाक्यांमधली थांबणी लांबलीत का, एवढंच टिपा. फरक जाणवला तर ‘फरक जाणवतो’ म्हणा. रोगाचं नाव देणं डॉक्टरचं काम, आणि जिवंत माणसावर असं लेबल चिकटवणं उथळपणाचं आहे.

‘पैशासाठी लढतोय’ हा मुद्दा वादात येतोच. तो का लढतो याचं उत्तर त्यातून मिळतं, त्याने लढावं का याचं नाही.

राहिल्या निवृत्तीनंतरच्या झगमगाटी लढती. त्यांचे नियम आधी वाचा. नोव्हेंबर 2024 मध्ये 58 वर्षांचा टायसन जेक पॉलशी लढला तेव्हा राउंड आठच होते, तेही दोन-दोन मिनिटांचे, आणि ग्लोव्ह्ज नेहमीच्या 10 ऐवजी 14 औंसांचे. एवढ्या सवलतींतही टायसनने संपूर्ण लढतीत शंभरहून कमी ठोसे टाकले. अशा लढतीत कुणी चपळ दिसला म्हणून त्याला बारा राउंडच्या चर्चेत आणू नका, आणि मंद दिसला म्हणून त्याच्या जुन्या विजयांना कमी लेखू नका.