‘आमच्यात कुणालाच नाही’ म्हणून निवांत बसू नका: आनुवंशिकतेतल्या या चुका टाळा

पहिला घोळ क्रोमोसोमचा (पेशीतल्या डीएनएच्या गुंडाळीचा) आजार आणि जीनचा (त्या गुंडाळीवरच्या एकेका सूचनेचा) आजार एकच समजण्याचा, बाकीचे निम्मे घोळ यातूनच निघतात. डाऊन सिंड्रोममध्ये २१ नंबरचा अख्खा क्रोमोसोमच जास्तीचा असतो, म्हणजे शेकडो जीन एकदम जादा. सिकल सेल या रक्ताच्या आजारात मात्र एकाच जीनमधलं एकच अक्षर बदललेलं असतं. कॅरिओटाईप या तपासणीत क्रोमोसोम मोजतात, त्यांचे पट्टे बघतात, एवढं बारीक अक्षर त्यात दिसतच नाही. त्यामुळे कॅरिओटाईप नॉर्मल आलं म्हणजे थॅलेसेमियाही (हाही जीनमुळे होणारा रक्ताचा आजार) नाही असं धरून चालू नका, त्याची टेस्ट वेगळी.

आता ते प्रसिद्ध २५ टक्के. आई-बाबा दोघंही थॅलेसेमियाचे कॅरिअर (म्हणजे स्वतः धडधाकट, पण बिघडलेल्या जीनची एक प्रत बाळगणारे) असतील तर मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक, आणि हे ऐकलं की लोक लगेच हिशोब मांडतात, पहिलं मूल आजारी निघालं म्हणजे आपला वाटा संपला, पुढची तीन सुटली. अहो, तसं नसतं! प्रत्येक गरोदरपणात फासा नव्याने पडतो, आधी काय झालं ते त्याला माहीत नसतं. अशा जोडप्याला चार मुलं झाली तर चारही या आजारातून सुटायची शक्यता साधारण ३२ टक्के, म्हणजे चारात एक आजारी असणारच असंही नाही आणि एकापेक्षा जास्त नसणार असंही नाही. याच गणितात अजून एक खड्डा आहे, अभ्यास केलेली मुलंही पडतात त्यात. आजारी मुलाचा धडधाकट भाऊ कॅरिअर असण्याची शक्यता किती? पटकन निम्मी म्हणाल, पण तो आजारी नाही हे आपल्याला आधीच कळलंय, तो चौथा भाग बाद झाला, उरलेल्या तिनात दोन कॅरिअर. उत्तर दोन तृतीयांश.

‘घराण्यात कुणाला नाही, मग आमच्याच बाळाला डाऊन कसं?’ कारण साधारण ९५ टक्के केसेसमध्ये ते वरून आलेलंच नसतं, बहुतेक वेळा बीजांड तयार होताना २१ नंबरची जोडी नीट सुटत नाही, बस. आईच्या वयाबरोबर हे वाढतं, पंचविशीत हजारात एकाच्याही खाली, चाळिशीला शंभरात एकाच्या आसपास. पण म्हणून तरुण आईने तपासणी सोडायची नाही, कारण बाळंतपणं मुळात तरुण वयातच जास्त होतात, त्यामुळे शक्यता कमी असली तरी अशी बाळं तरुण आयांनाही होतात.

आणि कॅरिओटाईपच्या रिपोर्टमधला नुसता क्रोमोसोमचा आकडा बघून खूश होऊ नका, इथे भले भले फसतात. डाऊनच्या थोड्या केसेसमध्ये जादा २१ दुसऱ्या क्रोमोसोमला, बऱ्याचदा १४ ला, चिकटलेला असतो. मोजणी केली तर बाळाचे ४६ भरतात, एकदम नॉर्मल वाटतं, पण माल ४७ चा असतो! उलट तो चिकटलेला तुकडा बाळाला ज्याच्याकडून आला त्या आईचे किंवा बाबांचे मोजून ४५ भरतात आणि माणूस ठणठणीत. (मोजायला अवघडच आहे म्हणा, १९५६ पर्यंत शास्त्रज्ञसुद्धा माणसाचे ४८ धरून बसले होते.) म्हणून आकड्याच्या पुढे काय लिहिलंय ते वाचा. ४७ आणि पुढे ‘+२१’ असेल तर साधी ट्रायसोमी (दोनाऐवजी तीन २१), ‘आरओबी’ किंवा ट्रान्सलोकेशन (म्हणजे असा चिकटलेला क्रोमोसोम) असं लिहिलेलं दिसलं तर आई-बाबा दोघांचंही कॅरिओटाईप करायलाच हवं. २१ ला २१ च चिकटलेला पालक असेल तर जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला डाऊन असतो, तिथे चारात एक वगैरे काही नाही.

गरोदरपणातल्या एनआयपीटी या रक्ततपासणीत ‘हाय रिस्क’ आलं की निदान झालं असं समजून निर्णय घेऊ नका. आईच्या रक्तातून केलेली ती चाळणी आहे, पक्कं उत्तर सीव्हीएस (वारेचा तुकडा तपासणं) किंवा पंधरा आठवड्यांनंतरच्या अम्निओसेंटेसिसमधूनच (गर्भजल तपासणं) मिळतं.

हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) बापाकडून मुलाला येतो हेही चूक, त्याचा जीन एक्स क्रोमोसोमवर असतो आणि मुलाला बापाचा वाय मिळतो, एक्स नाही. आजारी बापाच्या मुली मात्र सगळ्या कॅरिअर होतात. मुलगा का मुलगी हेही त्याच वाय-एक्सवर ठरतं, म्हणजे बापाकडून, तरी बोलणी अजून आईच खाते.

एक काम मात्र आजच करा. घरात कुणा मुलाचं कॅरिओटाईप झालेलं असेल तर मूळ कागद शोधून फोटो काढून ठेवा, दहा वर्षांनी त्याच्या बहिणीला दिवस राहतील तेव्हा डॉक्टर आधी तोच मागतील.