सगळ्यांचा मोत्या, कुणाचाच नाही

वृद्धनिवासात काळजीवाहक म्हणून रुजू झाले, तेव्हा तिथे आधीपासून एक कुत्रा होता. मोत्या. स्वभावाने गरीब, पण चार पावलं चालला की धापा टाकायचा. वय झालं असेल, असं मी धरून चालले होते. पशुवैद्यांनी त्याचं वजन केलं आणि विचारलं, "याला खायला कोण घालतं?" खोलीत आम्ही चौघी होतो, चौघींनी हात वर केले. सकाळपाळीची एक वाटी, दुपारपाळीची एक, "बिचारा उपाशी असेल" म्हणून रात्रपाळीची एक, आणि वर आजी-आजोबांच्या खिशातली बिस्किटं. लस मात्र त्या वर्षी मोत्याला कुणीच टोचून आणली नव्हती. प्रत्येकीला वाटलं, दुसरीने नेलं असेल.

त्या दिवसापासून नव्या मुलामुलींना मी पहिल्यांदा नोंदवही दाखवते. खाणं, फिरवणं, शी-शू, लस, जंतनाशक, नखं. प्रत्येकापुढे पाळीनुसार एकच नाव. पाळी संपताना पुढच्या पाळीला चार्ज, म्हणजे कामाची सगळी माहिती, देताना रहिवाशांबरोबर जनावराचाही चार्ज द्यायचा. हे कंटाळवाणं आहे, आणि या कामाचा बराचसा भाग असाच आहे.

वृद्धनिवासात प्राणी आणण्याच्या कल्पनेला मोठं नाव मिळालं ते बिल थॉमस या अमेरिकन डॉक्टरांमुळे. १९९१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू बर्लिन इथल्या एका नर्सिंग होममध्ये त्यांनी दोन कुत्रे, चार मांजरं आणि शंभर छोटे पोपट आणले. एकटेपणा, असहाय्यता आणि कंटाळा हे तिथले खरे आजार आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यातलं असहाय्यतेचं मला सगळ्यात पटतं. ज्याची दिवसभर दुसरेच काळजी घेतात, त्याला स्वतः कुणाची तरी काळजी घ्यायला मिळते. पण त्याच प्रकल्पात पिंजरे यायच्या आधी पक्षी येऊन थडकले होते, हेही लक्षात ठेवा. आपल्याकडे बहुतेक वेळा पक्षीच आधी येतात.

जनावर तीन प्रकारे येतं: रहिवासी स्वतःचं जनावर घेऊन येतो, संस्थेचं जनावर असतं, किंवा कुणी प्रशिक्षित कुत्रा घेऊन तासाभरासाठी भेटीला येतं. तिसरा प्रकार सोपा: लसीचे कागद बघा, कुत्र्याबरोबरचा माणूस जागेवरून हलू देऊ नका, झालं. पहिला सगळ्यात अवघड, त्याच्याकडे शेवटी येते.

धोक्यांत पहिला क्रमांक चावण्याचा नाही, पडण्याचा. अमेरिकेतल्या २००१ ते २००६ या काळातल्या नोंदींनुसार कुत्र्या-मांजरांमुळे पडून जखमी होणारे वर्षाला सुमारे ८६ हजार, आणि त्यांत प्रमाण सर्वाधिक पंचाहत्तरीपुढच्यांत. वॉकरच्या पुढे झोपलेला कुत्रा, दारात ओढलेला लांब पट्टा, पाण्याची सांडलेली वाटी. मोत्याची वाटी आम्ही भिंतीच्या कोपऱ्यात हलवली आणि गळ्यात घुंगरू बांधलं. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना घुंगराचा उपयोग नाही, म्हणून त्यांच्या चालण्याच्या वेळेला मोत्या बाहेर.

दुसरी गोष्ट, पडलेली गोळी. थरथरत्या हातातून गोळ्या पडतातच. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराच्या जिवावर बेतू शकते, आयबुप्रोफेन कुत्र्याला घातक. औषधं देऊन झाली की वाकून पलंगाखाली बघायची सवय लावून घ्या. नातेवाइकांच्या पुष्पगुच्छातली लिलीही मांजराच्या खोलीत नको; तिच्या परागांनीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात.

म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदासारखी असते आणि पुष्कळांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतात. साधा ओरखडा मोठा होतो. मांजराच्या चाव्याचं भोक बारीक पण खोल, त्यामुळे तो "काही नाही हो" म्हणून सोडायचा नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, डॉक्टरांना लगेच कळवा, नोंद करा. रेबीजचं इंजेक्शन लागेल की नाही, ते डॉक्टर ठरवतील. मांजराची वाळू रोजच्या रोज साफ करा, कारण टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी जंतू विष्ठेतून बाहेर पडल्यावर संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस घेतो. स्वयंपाकघर, औषधांची खोली आणि मलमपट्टीची जागा जनावराला बंद. हात धुण्याबद्दल वेगळं सांगत नाही.

स्मृतिभ्रंश असलेल्या आजी मांजराला खाऊ घातल्याचं विसरून पुन्हा घालतात. त्यांच्याशी वाद घालू नये. आम्ही दिवसाचा खुराक सकाळीच मोजून एका डब्यात ठेवतो. त्यांनी कितीदा घातला तरी डबा तेवढाच. कवटाळून धरायची सवय असेल, तर मात्र जवळ बसावं लागतं.

आणि जनावराकडेही बघा. शेपूट हलते म्हणजे खूश, हे अर्धसत्य आहे. पुन्हा पुन्हा जांभई, ओठ चाटणं, तोंड फिरवणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, ही "पुरे झालं" म्हणायची त्याची रीत. त्याला जिथे कुणी हात लावणार नाही असा एक कोपरा हवा. ज्या आजोबांना कुत्रा नकोच आहे, त्यांचंही "नको" तितकंच खरं. अशांना माशांची टाकी पुष्कळदा चालते. परड्यू विद्यापीठातल्या नॅन्सी एडवर्ड्स आणि ॲलन बेक यांच्या २००२ च्या अभ्यासात मत्स्यटाकी ठेवल्यावर स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचं जेवण आणि वजन वाढलं होतं.

आता तो पहिला प्रकार. एक आजी आपल्या मांजरीसह आल्या. लसीचे कागद होते, आहार लिहिला होता, पशुवैद्याचा खर्च कोण देणार तेही ठरलं होतं. अर्जातला एक रकाना मीच भरायचा ठेवला होता: मालक रुग्णालयात गेला किंवा वारला, तर जनावर कुणाचं? त्यांच्यासमोर तो प्रश्न तोंडातून निघेना. पाच महिन्यांनी त्या गेल्या. मांजरी तीन दिवस रिकाम्या पलंगावर बसून होती. पुढच्या रहिवाशाला मांजराची ॲलर्जी, खोली तर द्यायचीच होती. जावई फोनवर म्हणाले, "बघतो."

आता तो रकाना मी प्रवेशाच्या दिवशीच, जनावर मांडीवर असतानाच विचारते. वाटलं होतं, लोक दुखावतील. बहुतेकांनी आधीच विचार करून ठेवलेला असतो, त्यांना फक्त कुणी विचारलेलं नसतं.

ती मांजरी रात्रपाळीच्या मावशींनी घरी नेली. जावयांचा फोन अजून आलेला नाही.