घरातल्या रॉकस्टारच्या जुन्या कॅसेटचा अल्बम कसा करायचा

रत्नागिरी म्हणा, मालवण म्हणा, प्रत्येक गावात एखादा तरी काका असतोच ज्याने ऐंशी-नव्वदच्या दशकात बँड काढला, कॉलेजची गॅदरिंग गाजवली, एक कॅसेट आली, त्यातली दोन गाणी लोक अजून गुणगुणतात आणि बाकी सगळं माळ्यावरच्या पेटीत पडलंय. हिट्स आणि कधीच बाहेर न आलेलं असं दोन्ही मिळून अल्बम करायचा असेल तर हे वाचा.

पावसाळ्यात पेटी उघडूच नका. दिवाळी ते शिमगा हा आपला सीझन, हवा त्यातल्या त्यात कोरडी असते. आधी प्रत्येक कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीकडे बघा, पांढुरकी पावडर किंवा जाळं दिसलं तर ती बुरशी, ती कॅसेट लगेच वेगळी ठेवायची, कारण तशीच डेकमध्ये (कॅसेट वाजवायच्या मशीनमध्ये) घातली की बुरशी हेडला (टेपला टेकून आवाज वाचणाऱ्या भागाला) लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटला. तोंडाला मास्क लावून बाहेर पडवीत साफ करा. कवचाला स्क्रू असतील तर उघडून टेप दुसऱ्या चांगल्या कवचात घालता येते. चिपळूणला २२ जुलै २०२१ च्या पुरात भिजलेल्या कॅसेट कोणाकडे अजून असतील तर त्या आधी न वाजवता डिस्टिल्ड पाण्याने चिखल काढून सावलीत पूर्ण सुकवायच्या, ऊन नको, हेअर ड्रायर तर अजिबात नको.

मग वरच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे तोडा म्हणजे चुकून रेकॉर्ड बटण दाबलं तरी काही पुसलं जाणार नाही. टू-इन-वनवर (रेडिओ-कॅसेट एकत्र असलेल्या डब्यावर) काम करू नका, कोणाकडून तरी चांगला डेक मिळवा, हेड आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. डेकच्या लाइन आउटमधून (आवाज बाहेर देणाऱ्या जॅकमधून) वायर घ्या आणि लाइन इन (तो आवाज आत घेणारा जॅक) असलेलं साधं यूएसबी साउंड कार्ड लावा, लॅपटॉपचा माइकचा जॅक बहुतेक वेळा मोनो असतो. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ऑडॅसिटी फुकट आहे. त्यात सेटिंग ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिट, आवाजाचं टोक उणे ६ डीबीच्या आसपास, बास. शॉर्टकट नाही, सी-९० ची (९० मिनिटांच्या कॅसेटची) एक बाजू म्हणजे ४५ मिनिटं बसायचंच. डेकवरचं डॉल्बीचं बटण (टेपची खरखर कमी करणारं, मिरवणुकीतली डॉल्बी नव्हे) बंद, रेकॉर्ड करताना लावलं होतं अशी खात्री असेल तरच चालू करा. आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येत असेल तर हेडशेजारचा छोटा स्क्रू हळूच फिरवून झांजा सगळ्यात स्वच्छ ऐकू येतील तिथे थांबा.

आता गंमत स्पीडची. तालीम बॅटरीवर रेकॉर्ड केलेली असेल आणि सेल उतरलेले असतील तर तेव्हा टेप हळू फिरलेली असते, म्हणून आज चांगल्या डेकवर काका चिरक्या आवाजात भरभर गातात. पण विजेवर रेकॉर्ड झालेलं असेल तर अँपची गुणगुण टेपवर असतेच आणि आपली वीज ५० हर्ट्झची. ऑडॅसिटीत स्पेक्ट्रम (कुठल्या हर्ट्झवर किती आवाज आहे त्याचा आलेख) काढा, गुणगुणीचा सुळका ५० ऐवजी ५२ वर दिसला तर डेक नीट आहे हे तपासून तेवढा स्पीड कमी करा. बॅटरीवाल्या टेपला मात्र गिटारिस्टला शेजारी बसवूनच ठरवायचं.

नॉइज रिडक्शन (सॉफ्टवेअरने खरखर काढणं) अगदी थोडं. जास्त मारलं की झांजा पाण्यात बुडल्यासारख्या वाजतात आणि 'स' गायब. कौलांवरचा पाऊस, मागचे बेडूक, कोणीतरी "चहा घेता काय?" विचारतंय, हे काढू नका हो, त्यासाठीच तर लोक ऐकणार. मूळ फाइल्सना हात लावायचा नाही, कॉपीवर काम करायचं.

निवड करताना खरी परीक्षा. सापडलं म्हणून सगळं घालायचं नाही. सीडी ८० मिनिटांची असते पण ती भरायलाच हवी असं कुठे लिहिलंय, १२-१४ गाणी पुष्कळ. वर्षांच्या क्रमाने लावू नका. अमेरिकन गायक बॉब डिलनचा १९८५ चा 'बायोग्राफ' हा संच बघा, ५३ गाणी, हिट आणि न आलेली एकत्र मिसळलेली, क्रम मोडलेला, त्यामुळे न ऐकलेलं गाणं शेवटच्या कोपऱ्यात उरलंसुरलं वाटत नाही. पहिलं गाणं ओळखीचं ठेवा, दुसरं किंवा तिसरं कोणी न ऐकलेलं. हिट गाण्याची तालमीतली टेपही अल्बममध्ये घेणार असाल तर तिच्यात काहीतरी वेगळं हवं, वेगळं कडवं, वेगळी लय, नाहीतर तेच गाणं दोनदा कशाला.

प्रत्येक गाण्याखाली कोणी काय वाजवलं, कुठे, कुठल्या साली ते लिहा. काका काही सांगतील, ड्रमर दुसरंच सांगेल, दोघांना एकत्र बसवून ऐकवा.

हक्कांचं आधीच बघा. बाजारात आलेली कॅसेट बहुधा कंपनीच्या मालकीची, आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, म्हणजे ती हिट गाणी नेटवर टाकायला त्यांची परवानगी लागणार. तालमीच्या टेपसाठी बँडमधल्या सगळ्यांची लेखी संमती घ्या, चाली-शब्द दुसऱ्याचे असतील तर त्यांचीही. कंपनीची परवानगी नाही मिळाली तर न आलेली स्वतःची गाणीच तेवढी अपलोड करा. बाकी मूळ फाइल्स दोन हार्ड डिस्कवर, त्यातली एक गणपतीला आलेल्या चाकरमान्याबरोबर मुंबईला पाठवून द्या, इथल्या दमट हवेत दोन्ही ठेवायच्या नाहीत.