चौकातल्या कॅमेऱ्याचा हिशोब मागायचाय? आरटीआय असा टाका

सोसायटीच्या ग्रुपवर सरकारी पाळतीचा विषय निघाला की ठरलेलं असतं, एकजण म्हणतो आपल्याला काय लपवायचंय, दुसरा पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरची बातमी टाकतो, तिसरा २६/११ काढतो, मग कोणीतरी गुड नाइटचा फोटो टाकतं आणि झालं. प्रायव्हसी मूलभूत हक्क आहे हे सुप्रीम कोर्टाच्या नऊ जजांनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमताने सांगून झालंय, त्यामुळे त्यावर परत भांडण्यात मला रस नाही. कॅमेरे काढाच असंही मी म्हणत नाही. पण बघणाऱ्याने काय घेतलं, कितीला घेतलं, कोणत्या नियमाने वापरतोय हे माहिती अधिकार कायद्याखाली (म्हणजेच आरटीआय) दहा रुपयांत विचारता येतं आणि ते फार कमी लोक विचारतात, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात आधी, काय विचारायचं नाही ते. "कोणाकोणावर नजर ठेवता" असं विचारलंत की अर्ज तिथेच मेला, या कायद्याच्या कलम आठ-एक-ए मध्ये देशाची सुरक्षा आणि आठ-एक-एच मध्ये तपासाला अडथळा, ही दोन कलमं तयारच असतात. आयबी, रॉ वगैरे गुप्तचर संस्था तर कलम २४ खाली जवळपास बाहेरच आहेत, तिथे फक्त भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचा भंग एवढ्यापुरतीच खिडकी आहे. आणि "का" हा शब्द अर्जात नको म्हणजे नको. "प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देय नाही" हे उत्तर ऑफिसात टाइप करूनच ठेवलेलं असतं. कायद्याने त्यांच्याकडे कागदावर जे आहे तेवढंच द्यायचंय, मत द्यायचं नाही, म्हणून आपणही कागदच मागायचा: टेंडर, वर्क ऑर्डर, करार, एसओपी (काम कसं करायचं याची लेखी पद्धत), मीटिंगचं इतिवृत्त.

अशा कोरड्या प्रश्नातून काय निघतं बघा. दिल्ली पोलिसांची चेहरा ओळखणारी सिस्टीम किती टक्के जुळलं की "हाच तो" धरते, हे २०२२ मध्ये आरटीआयच्या उत्तरातूनच कळलं, ८० टक्के! म्हणजे ८० च्या वर गेलं की मॅच. कुठल्याही टीव्हीवरच्या चर्चेत हा आकडा आला नव्हता. नाहीतर कोविडच्या वेळच्या आरोग्य सेतू ॲपचं घ्या, वेबसाइटवर एनआयसीचं (सरकारच्याच नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटरचं) नाव, आणि ॲप बनवल्याची फाइल मागितली तर एनआयसी म्हणते आमच्याकडे माहिती नाही, शेवटी ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने कारणे दाखवा नोटीस काढली. त्यामुळे "माहिती उपलब्ध नाही" असं आलं तर तो कागद फेकू नका, एसओपीच नाही हे लेखी मिळणं म्हणजे तर लॉटरी.

आता महाराष्ट्रातली अडचण अशी की अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो (दिल्लीला केंद्र सरकारकडे टाकलात तर ५०० शब्द चालतात, आपल्याकडे काटकसर). म्हणून पाल्हाळ नको. मी साधारण असा लिहितो:

"विषय: शहरातील सीसीटीव्ही व चेहरा ओळख प्रणाली. कालावधी: १ एप्रिल २०२३ ते अर्जाच्या दिनांकापर्यंत. १) सदर प्रणाली खरेदीचे कार्यादेश व करारनाम्याची प्रत. २) चित्रीकरण किती दिवस जतन करावे याबाबतचा आदेश वा परिपत्रकाची प्रत. ३) चित्रीकरण पाहण्याचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्यांची पदनामे. ४) चेहरा जुळल्याचे मानण्यासाठी निश्चित केलेली टक्केवारी दर्शवणारे दस्तऐवज. ५) प्रणालीच्या अचूकतेच्या चाचणीचा अहवाल. काही भाग देय नसल्यास कलम १० नुसार तो वगळून उर्वरित माहिती द्यावी."

ते शेवटचं वाक्य विसरू नका, ते नसलं की एक ओळ गुप्त म्हणून अख्खी फाइल गुप्त होते. आणि पदनामेच मागा, नावं नको, कारण २०२३ च्या डेटा कायद्याने आठ-एक-जे बदलून टाकलंय आणि "वैयक्तिक माहिती" म्हणून नकार देणं आता फार सोपं झालंय. लोकांची प्रायव्हसी वाचवायला केलेला कायदा अधिकाऱ्यांच्या पहिल्यांदा कामाला आला, असो.

पाठवायचं कुठे? कॅमेरे पोलिसांचे असले तर पोलीस आयुक्तालयाचे जन माहिती अधिकारी, महापालिकेने लावले असतील तर महापालिका. चुकलं तरी हरकत नाही, कलम ६(३) प्रमाणे त्यांनीच पाच दिवसांत योग्य ऑफिसकडे पाठवायचं असतं. राज्याच्या आरटीआय पोर्टलवर ऑनलाइन होतं, तिथे ऑफिस सापडलं नाही तर जोडपत्र अ (अर्जाचा नमुना) भरा, दहाचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. कशाला हवंय असं विचारलं तर सांगायची सक्ती नाही, ६(२) मध्ये स्पष्ट आहे. घरचा पत्ता द्यायची भीती वाटत असेल तर (आणि ती उगाच नाही, २०१० मध्ये तळेगावला आरटीआय कार्यकर्ते सतीश शेट्टींचा खून झाला होता) पोस्ट बॉक्स नंबर द्या, कलकत्ता हायकोर्टाने २०१३ मध्येच तो ग्राह्य धरायला सांगितलंय.

फोन टॅपिंगचं विचारायचं असेल तर फक्त आकडे मागा. २०१४ मध्ये बाहेर आलेल्या एका आरटीआय उत्तरात गृहमंत्रालयाने सांगितलं होतं की केंद्राकडून महिन्याला सरासरी ७,५०० ते ९,००० आदेश निघतात. पण टॅपिंगचं रेकॉर्ड सहा महिन्यांनी नष्ट करायचा नियमच आहे, नंतर विचारणाऱ्यांना तेच ऐकवलं गेलं, म्हणून जुनं मागण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा हे विचारा: मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या आढावा समितीने दर दोन महिन्यांनी बसायचं असतं, तर गेल्या वर्षात किती बैठका झाल्या आणि किती आदेश तपासले? यात कोणाचं गुपित फुटत नाही. आणि हे आदेश तपासण्यासारखे असतात बरं का, मुंबई हायकोर्टाने २०१९ मध्ये एका लाचेच्या प्रकरणातले तीन टॅपिंगचे आदेश रद्द केले होते, कारण सार्वजनिक सुरक्षेचा काही संबंधच दिसत नव्हता.

३० दिवस थांबायचं. उत्तर नाही आलं तर तोही नकारच, मग पुढच्या ३० दिवसांत जोडपत्र ब (अपिलाचा नमुना) भरून, वीसचा स्टॅम्प लावून पहिलं अपील, वकील लागत नाही. अपिलात रडगाणं नको, "कलमाचा नुसता उल्लेख आहे, ते इथे कसं लागू होतं याचं कारण दिलेलं नाही" एवढं एक वाक्य धरून बसा. तिथेही नाही झालं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोग, आणि तिथे मात्र बराच काळ जातो, हे आधीच धरून चला. म्हणून एकाने टाकण्यापेक्षा वेगवेगळ्या शहरांतल्या चार-पाच जणांनी तोच मसुदा टाकावा, एक ऑफिस जे गुप्त म्हणून दडवतं तेच दुसरं ऑफिस दोन रुपये पानाने झेरॉक्स काढून देतं आणि मग पहिल्याच्या अपिलाला तीच प्रत जोडता येते.