मेक्सिकोचा राजकीय इतिहास भिंतीवर: अभ्यासमंडळासाठी सहा मीटरचा कालपट

मेक्सिकोचा इतिहास वाचायला घेतलेलं अभ्यासमंडळ साधारण १८३० च्या आसपास अडकतं. अध्यक्ष येतात, पडतात, तेच पुन्हा येतात. एकटा सांता आना इतक्या वेळा सत्तेवर आला आणि गेला की टिपणवहीत त्याचाच गुंता होतो. अध्यक्षांची यादी पाठ करणं हा यावरचा उपाय नाही. जमीन कोणाच्या ताब्यात होती आणि ती कोणत्या कायद्याने कोणाकडे गेली, हा धागा आधी पकडावा. तो हाती आला की बंडं, राज्यघटना आणि पक्ष यांची कारणं आपोआप लागत जातात. भिंतीवरचा कालपट याच धाग्यावर बांधायचा आहे.

आधी मोजमाप. १५१९ ते २०२४ हा काळ एकाच प्रमाणात मांडू नका. तीनशे वर्षांची वसाहत रिकामी दिसते आणि १९१४ ची कार्डं एकमेकांवर चढतात. तीन प्रमाणं घ्या. १५१९ ते १८१० साठी ५ वर्षांना १ सेंटिमीटर, म्हणजे ५८ सेंमी. १८१० ते १९३४ साठी वर्षाला ३ सेंमी, म्हणजे ३७२ सेंमी. १९३४ पासून वर्षाला दीड सेंमी, म्हणजे २०२४ पर्यंत १३५ सेंमी. सुरुवातीला स्पॅनिश येण्यापूर्वीच्या काळासाठी २० सेंमीचा चौकोन आणि शेवटी चालू कारकिर्दीसाठी ९ सेंमी सोडा. एकूण सहा मीटरच्या थोडं आत बसतं.

मुंबईतल्या सोसायटीच्या खोलीत किंवा वाचनालयाच्या मागच्या दालनात सहा मीटरची सलग भिंत क्वचितच मिळते. दोन भिंतींवर लावणार असाल तर कोपरा १८७६ वर आणा. पहिला भाग २७६ सेंमीचा होतो, दुसरा ३१८ सेंमीचा, आणि साडेदहा-अकरा फुटांच्या भिंतींवर दोन्ही बसतात. कोपरा १९१० ते १९२० मध्ये आला तर क्रांती दोन भिंतींवर फाटते आणि चर्चेत अर्धे लोक पाठ करून बसतात.

ब्राऊन पेपरचा ९० सेंमी रुंदीचा रोल अब्दुल रेहमान स्ट्रीटच्या घाऊक स्टेशनरीवाल्यांकडे पाहा. ७ मीटर घ्या, कापताना थोडा वाया जातो. कार्डं ७ × ५ सेंमीची कापा. २२ × २८ इंची एका कार्डशीटमधून शंभराहून अधिक निघतात, त्यामुळे तीन रंगांची प्रत्येकी एक शीट पुरते. पावसाळ्यात सेलोटेप वापरू नका. ओल्या भिंतीवर तो धरत नाही आणि सुटताना डिस्टेंपरचे पापुद्रे घेऊन येतो. दोन खिळ्यांमध्ये सुतळी ताणून दर ४० सेंमीवर कपड्यांचा चिमटा लावा, वीसएक चिमटे लागतील. स्केचपेनची शाई दमट हवेत फुटते, म्हणून मार्कर परमनंट हवा.

कागदावर आडवे चार पट्टे आखा. वरचा ३५ सेंमी जमिनीचा, त्याखाली २५ सेंमी खुर्चीचा, मग २० सेंमी चर्चचा आणि तळाचा १० सेंमी परकीय सैन्यांचा. जमिनीचा पट्टा सर्वात मोठा आहे तो मुद्दाम.

जमिनीचा पट्टा

पहिल्या चौकोनात कालपुली येते. मेशिका (अ‍ॅझ्टेक) लोकांच्या वस्तीची ही घटक-संस्था जमीन सामाईक धरत असे आणि कुटुंबांना कसायला देत असे. १५२१ मध्ये स्पॅनिशांनी मेशिकांचं राज्य जिंकलं, त्यानंतरचं पहिलं कार्ड एन्कोमिएंदाचं. इथे हमखास चूक होते ती 'स्पॅनिश सरदारांना जमिनी वाटल्या' असं लिहिण्याची. एन्कोमिएंदा म्हणजे ठरावीक गावांकडून खंडणी आणि श्रम घेण्याचा हक्क, जमिनीची मालकी नव्हे. मोठ्या जमीनदाऱ्या, म्हणजे हासिएंदा, पुढे हळूहळू उभ्या राहिल्या. वसाहतीच्या काळातही कित्येक गावांनी आपली सामाईक जमीन कागदपत्रांच्या जोरावर राखली होती. हे कार्ड सोडलं तर पुढे झालेला उद्रेक कळत नाही, कारण लोक लढले ते हातात असलेली जमीन गेल्यावर.

ती गेली उदारमतवाद्यांच्या कायद्याने. १८५६ च्या लेर्दो कायद्याने संस्थांना स्थावर मालमत्ता धरायला बंदी केली. रोख चर्चवर होता, पण कायद्याच्या लेखी गावही संस्थाच. १८५७ च्या राज्यघटनेने हेच तत्त्व पक्कं केलं. उदारमतवादी नेता हुआरेस याच्या पक्षाला 'पुरोगामी' अशी एकच चिठ्ठी चिकटवू नका. विशेषाधिकार मोडणारा हाच कायदा आदिवासी गावांच्या सामाईक हक्कावर घाव घालणारा होता, आणि या दोन्ही बाजू एकाच कार्डावर हव्यात. नंतर राष्ट्राध्यक्ष पोर्फिरिओ दिआसच्या काळात, १८८३ च्या कायद्याने, सर्वेक्षण कंपन्यांना मोजलेल्या 'पडीक' जमिनीचा एक तृतीयांश वाटा मोबदला म्हणून मिळू लागला. ज्यांच्याकडे दाखवायला कागद नव्हता त्यांची कसलेली जमीनही पडीक ठरू शकत होती. गायरानाचे आणि सातबाऱ्याचे वाद पाहिलेल्या मराठी वाचकाला यातली मेख समजावून सांगावी लागत नाही.

मग मोरेलोस राज्यातले साखरेचे मळे आणि आनेनेकुइल्को हे गाव. १९०९ मध्ये या गावाने एमिलियानो सापाताला आपला प्रमुख निवडलं. नोव्हेंबर १९११ च्या आयाला जाहीरनाम्यात दोन ठोस मागण्या आहेत: बळकावलेल्या जमिनी गावांना परत द्या, आणि हासिएंदांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोबदला देऊन घ्या. १९१७ च्या राज्यघटनेच्या कलम २७ ने जमीन, पाणी आणि भूगर्भातली संपत्ती मुळात राष्ट्राची ठरवली. प्रत्यक्ष मोठं वाटप मात्र लासारो कार्देनासच्या कारकिर्दीत (१९३४ ते १९४०) झालं, सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर. मार्च १९३८ मधलं तेलउद्योगाचं राष्ट्रीयीकरण याच कलमावर उभं आहे, म्हणून ते कार्ड जमिनीच्याच पट्ट्यात लावा.

इथे आपल्याकडच्या १९४८ च्या कूळकायद्याशी तुलना हटकून निघते. ती करा, पण फरक लिहून ठेवा. कूळकायद्याचा रोख कूळ स्वतः मालक होण्याकडे होता. मेक्सिकोतल्या एहिदोमध्ये, म्हणजे सरकारने गावाला दिलेल्या सामाईक जमिनीत, कसण्याचा हक्क कुटुंबाचा, पण जमीन विकता किंवा गहाण टाकता येत नसे. ही अट १९९२ मध्ये कलम २७ बदलून सैल केली आणि सरकारी जमीनवाटप थांबवलं. १ जानेवारी १९९४ रोजी, उत्तर अमेरिकेचा मुक्त व्यापार करार लागू झाला त्याच दिवशी, चियापास राज्यात सापाताचं नाव घेणारे सापातिस्ता बंडखोर उठले. १९९२ आणि १९९४ ची ही दोन कार्डं दोऱ्याने जोडा. पूर्ण भिंतीवर इतका सरळ दोरा दुसरा मिळणार नाही.

खुर्चीचा पट्टा

या पट्ट्याचा प्रश्न एकच: फेरनिवड चालते का? दिआसने १८७६ मध्ये 'फेरनिवड नको' म्हणत बंड केलं आणि १८८० ते १८८४ चा खंड वगळता १९११ पर्यंत स्वतःच सत्तेवर राहिला. १९१० मध्ये मादेरो त्याच घोषणेवर त्याच्याविरुद्ध उभा राहिला. पुढे माजी अध्यक्ष ओब्रेगोनसाठी घटना बदलून खंडानंतरची फेरनिवड शक्य केली, तो निवडून आला आणि पदभार घेण्याआधीच, जुलै १९२८ मध्ये, मारला गेला. त्या पोकळीतून १९२९ मध्ये माजी अध्यक्ष कायेसने पक्ष उभा केला. त्याचं नाव १९३८ आणि १९४६ मध्ये बदललं, पण सत्ता २००० पर्यंत टिकली. माणूस दर सहा वर्षांनी बदलायचा, पक्ष तोच. म्हणून १९३४ नंतर दर ९ सेंमीवर उभी रेघ मारा, पंधरा कारकिर्दी अगदी समान येतात. मग पहिले अकरा तुकडे एकाच रंगाने भरा. ती सलग पट्टी पाहिली की 'निवडणुका होत होत्या, तरी हुकूमशाही कशी?' या प्रश्नावरची चर्चा नीट सुरू होते.

या पट्टीत चार कार्डं सोडू नका. १९५३: स्त्रियांना राष्ट्रीय मतदानाचा हक्क. २ ऑक्टोबर १९६८: त्लातेलोल्कोच्या चौकात विद्यार्थ्यांवर गोळीबार, ऑलिंपिकच्या दहा दिवस आधी. मृतांचा एकच आकडा लिहू नका, सरकारी आणि इतर आकड्यांत फार तफावत आहे. याच घटनेच्या निषेधार्थ भारतातले मेक्सिकोचे राजदूत, कवी ऑक्टाव्हिओ पास यांनी पद सोडलं. ते १९५१ मध्ये पहिल्यांदा भारतात आले तेव्हा बोटीने मुंबईतच उतरले होते. तिसरं कार्ड १९८८ च्या वादग्रस्त निवडणुकीचं, ज्यात लासारोंचा मुलगा कुआउतेमोक कार्देनास विरोधी उमेदवार होता. चौथं १९९७ चं, सत्ताधारी पक्षाने कनिष्ठ सभागृहातलं बहुमत गमावलं तेव्हाचं. २००० चा सत्ताबदल अचानक झाला असं वाटतं ते हे चौथं कार्ड नसल्यामुळे.

१९१० ते १९२० वेगळ्या कागदावर

वर्षाला ३ सेंमीतही हे दशक मावत नाही. एक मीटरचा स्वतंत्र कागद घ्या आणि वर्षाला १० सेंमी द्या. त्यावर वर्षांऐवजी माणसांच्या आडव्या ओळी आखा: मादेरो, उएर्ता, कारान्सा, विया, सापाता, ओब्रेगोन. प्रत्येकाच्या ओळीत तीनच गोष्टी भरा: कोणता प्रदेश, कोणता जाहीरनामा, जमिनीबद्दल काय म्हणणं. कारान्सा कोआविलाचा, विया चिवावातला, ओब्रेगोन सोनोराचा, सापाता मोरेलोसचा. उत्तरेचं सैन्य पगारी आणि रेल्वेने फिरणारं होतं, मोरेलोसचं गावाशी बांधलेलं. त्यामुळे सापाता राजधानीत शिरला तरी तिथे राज्य चालवायला थांबला नाही.

मैत्री हिरव्या आणि फूट लाल रेघेने दाखवा. १९११: सापाता मादेरोपासून फुटतो, कारण जमिनीआधी शस्त्रं खाली ठेवायला सांगितलं जातं. फेब्रुवारी १९१३: सेनापती उएर्ता मादेरोला पाडतो, मादेरोचा खून होतो, आणि उरलेले चौघे उएर्ताविरुद्ध एका बाजूला येतात. १९१४ च्या शरदात आग्वासकालिएंतेसच्या परिषदेनंतर तेच आपसांत लढतात. एप्रिल १९१५ मध्ये सेलायाला ओब्रेगोन काटेरी तारा आणि खंदक वापरून वियाचं घोडदळ मोडतो. एप्रिल १९१९ मध्ये सापाताला दगा देऊन मारलं, मे १९२० मध्ये कारान्साला. हा तक्ता भरायला पूर्ण दीड तासाची बैठक द्या. घाई केली तर सगळे 'क्रांतिकारक' एका रंगाचे होऊन जातात.

खालचे दोन पट्टे

चर्चच्या पट्ट्यात १८५९ चे सुधारणा कायदे (चर्चच्या मालमत्तेचं राष्ट्रीयीकरण, नागरी विवाह), १९१७ ची कलमं ३ आणि १३० (शिक्षणात आणि सार्वजनिक जीवनात चर्चवर निर्बंध), १९२६ ते १९२९ चं क्रिस्तेरो युद्ध (चर्चवरच्या निर्बंधांविरुद्धचं कॅथलिकांचं बंड) आणि १९९२ मध्ये चर्चना मिळालेली कायदेशीर मान्यता, एवढं पुरे. परकीयांच्या पट्ट्यात अमेरिकेशी १८४६ ते १८४८ चं युद्ध ठळक हवं. टेक्सास धरून निम्म्याहून अधिक भूभाग गेला. पुढे १८६२ ते १८६७ फ्रेंच सैन्य आणि १८६४ पासून सम्राट मॅक्सिमिलियन. ५ मे ही प्वेब्लाच्या लढाईची (१८६२) तारीख आहे, स्वातंत्र्यदिन नव्हे. तो १६ सप्टेंबर, १८१० मध्ये पाद्री इदाल्गोने बंडासाठी दिलेल्या हाकेचा. १५२१ च्या कार्डावर स्पॅनिशांच्या बाजूने लढलेल्या, मेशिकांच्या शत्रुराज्यातल्या, म्हणजे त्लाश्कालाच्या हजारो सैनिकांचं नाव हवंच. मूठभर स्पॅनिशांनी साम्राज्य पाडलं, हे वाक्य भिंतीवर जाऊ देऊ नका.

नावं लावताना दोन्ही आडनावं (वडिलांचं आणि आईचं) लिहा. लोपेस मातेओस, लोपेस पोर्तियो आणि लोपेस ओब्रादोर हे तीन वेगळे अध्यक्ष आहेत. पोर्फिरिओ दिआस आणि १९६८ चा दिआस ओर्दास यांच्यात अर्ध्या शतकाहून अधिक अंतर आहे. ग्रंथालयाच्या सूचीत शोधतानाही आधी पहिलं आडनाव पाहा. उजळणीला मराठी विश्वकोश चालतो, सविस्तर वाचनाला टाउन हॉलमधलं एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय किंवा मुंबई विद्यापीठाचं.

विश्वकोशाचा उल्लेख आला की दोन कार्डं आपल्या बाजूची लावा. मानवेंद्रनाथ रॉय १९१७ मध्ये मेक्सिकोत पोचले आणि १९१९ मध्ये तिथल्या कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेत पुढे होते. जुलै १९३१ मध्ये त्यांना अटक झाली ती मुंबईत. त्यांच्या विचारांकडे ओढले गेलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पुढे विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले. दुसरं कार्ड वर्ध्याच्या पांडुरंग खानखोजे यांचं. गदर चळवळीतला हा क्रांतिकारक १९२० च्या दशकात चापिंगोच्या कृषिशाळेत शिकवत होता, शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा चालवत होता, आणि चित्रकार दिएगो रिव्हेराने त्याला शिक्षण मंत्रालयातल्या भित्तिचित्रात रंगवलं. हे कार्ड जमिनीच्या पट्ट्यात, १९१७ आणि १९३४ च्या मध्ये लावा. घटनेतलं कलम आणि प्रत्यक्ष वाटप यांच्यामधली वर्षं शेतात कशी गेली, ते त्याच्याभोवती बोलता येतं.

बैठका पाच ठेवा, दीड-दीड तासाच्या, १२ ते १५ जणांच्या. रविवार धरलात तर मेगाब्लॉक पाहून वेळ ठरवा, नाहीतर ठाणे-पनवेलकडचे लोक निम्म्यात पोचतात. कार्डं आधी लिहून आणू नका, बैठकीत वाचून तिथेच लिहा. एका कार्डावर वर्ष, घटना आणि 'त्यामुळे काय बदललं' एवढ्या तीनच ओळी.

शेवटच्या ९ सेंमीत १ ऑक्टोबर २०२४ ला क्लाउदिया शेनबाउम पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्याचं कार्ड लागेल. १ जून २०२५ ला न्यायाधीशांची थेट मतदानाने निवड झाली, मतदान सुमारे १३ टक्के. हे दुसरं कार्ड चिमट्याने नुसतं अडकवा आणि तिसरी ओळ पेन्सिलने लिहा. त्यामुळे काय बदललं, ते २०३० पर्यंत भरत जावं लागेल.