अमेरिकेत बांधकाम कंत्राटदाराचा परवाना कसा मिळवावा

अमेरिकेत देशभर चालेल असा कंत्राटदाराचा एकच परवाना नाही, म्हणून अर्ज हाती घेण्यापूर्वी काम कोणत्या राज्यात, कोणत्या प्रकारचे आणि किती रकमेचे आहे हे निश्चित करावे. टेक्सासमध्ये सामान्य कंत्राटदाराला, म्हणजे संपूर्ण बांधकामाची जबाबदारी घेणाऱ्याला, राज्याचा परवाना लागत नाही, परंतु वीजकाम आणि नळकाम करणाऱ्यांना तो घ्यावाच लागतो. टेनेसीत २५,००० डॉलर किंवा त्याहून मोठ्या कामाची बोली लावण्याआधीच परवाना हातात असावा लागतो. न्यूयॉर्क शहरात घरदुरुस्तीचा परवाना राज्य नव्हे, तर शहर देते.

कॅलिफोर्नियाचे नियम बारकाईने समजून घेण्यासारखे आहेत. तेथे मजुरी व साहित्य मिळून १,००० डॉलर किंवा अधिक रकमेच्या कामास परवाना लागतो. ही मर्यादा २०२५ पूर्वी ५०० डॉलर होती. रक्कम त्याहून कमी असली, तरी कामाला बांधकाम परवानगी लागत असेल किंवा हाताखाली कामगार असतील, तर सूट मिळत नाही. परवान्याच्या मुख्य वर्गांपैकी तीन असे : ‘ए’ अभियांत्रिकी कामांसाठी, ‘बी’ इमारतींसाठी आणि ‘सी’ नळकाम, वीजकाम यांसारख्या विशेष कामांसाठी.

कॅलिफोर्नियातील अर्जाचे खरे वजन अनुभवावर असते. अर्जदाराला मागील दहा वर्षांतील किमान चार वर्षांचा, कुशल कारागीर, मुकादम, पर्यवेक्षक किंवा कंत्राटदार या दर्जाचा अनुभव दाखवावा लागतो. मदतनीस म्हणून केलेले काम त्यात धरले जात नाही. शिक्षण वा प्रशिक्षणाबद्दल तीन वर्षांपर्यंत सवलत मिळू शकते, मात्र किमान एक वर्ष प्रत्यक्ष कामाचेच असावे लागते. ज्याने अर्जदाराचे काम स्वतः पाहिले आहे, अशा व्यक्तीने हा अनुभव प्रमाणित करायचा असतो. जुना मालक वर्षांनंतर सापडेलच असे नाही, त्यामुळे वेतनचिठ्ठ्या, करारपत्रे आणि कर-कागद पहिल्या दिवसापासून जपून ठेवावेत असे मी आग्रहाने सांगेन.

त्यानंतर सामान्यतः कायदा व व्यवसाय आणि स्वतःचा व्यवसायप्रकार अशा दोन परीक्षा असतात. बोटांचे ठसेही द्यावे लागतात. परवाना हाती पडण्यापूर्वी २५,००० डॉलरचा बाँड, म्हणजे हमी कंपनीचे हमीपत्र, सादर करावा लागतो. त्याला विमा समजण्याची चूक करू नये, कारण हमी देणारी कंपनी ग्राहकाला दिलेली भरपाई कंत्राटदाराकडूनच वसूल करते. कामगार ठेवल्यास त्यांच्या भरपाईचा विमा वेगळा घ्यावा लागतो.

एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही. काही राज्ये आपसांतील करारानुसार एखादी परीक्षा माफ करतात, म्हणून जेथे काम करायचे त्या राज्याच्या परवाना मंडळाकडे आधी चौकशी करावी. १९७८ पूर्वीच्या घरांत शिशाचा जुना रंग उखडला जाईल असे काम मोबदला घेऊन करायचे असेल, तर केंद्रीय पर्यावरण संस्थेच्या नियमांनुसार स्वतंत्र प्रमाणपत्र लागते.

परवाना मिळेपर्यंत करारावर सही करू नये. कॅलिफोर्नियात विनापरवाना कंत्राटदाराला थकलेल्या पैशांसाठी दावा लावता येत नाही, उलट ग्राहक दिलेले पैसेही परत मागू शकतो, मग काम कितीही चोख झालेले असो. काम चालू असताना परवाना सलग वैध असावा लागतो, म्हणून दर दोन वर्षांनी येणाऱ्या नूतनीकरणाची आणि बाँडच्या मुदतीची तारीख कामाच्या वेळापत्रकातच लिहून ठेवावी.